कबुलीनंतरची तारीख

सतीशने कोर्टात "हो, मीच मारलं" म्हटलं, आणि त्याच्या घरात आठवड्याभरात इतके कायदेपंडित जन्माला आले की अंबाजोगाईच्या बार रूममध्ये तेवढ्यांना बसायला बाकं पुरली नसती.

रविवारी सकाळीच सोमेश्वर मामा चकलांब्याहून मोटारसायकल दामटत सिरसाळ्याला आले. डोक्याला बांधलेला रुमाल न सोडताच ओट्यावर बसले आणि कलमं सांगायला लागले. सतीशचे वडील सर्जेराव त्यांच्यासमोर खुर्चीत होते. एसटीत कंडक्टर म्हणून उभी हयात गेली, त्यामुळे जिल्ह्यातल्या प्रत्येक कोर्टासमोर कोणती गाडी थांबते हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्यावरून आत काय चालतं हेही आपल्याला ठाऊक आहे असा त्यांचा समज होता. त्याची आई पारूबाई भिंतीला टेकून शेंगा फोडत होत्या.

घरात सनद असलेली वकील एकच होती, आणि ती आत चहा करत होती.

अंजली वकील झाली तेव्हा सर्जेरावांनी विहारात सगळ्यांना खीर वाढली होती. त्यानंतर आजतागायत तिला घरात कुणी कायद्यातलं काही विचारलं नव्हतं. अंबाजोगाईला ज्या अमरसिंह वकिलांकडे ती शिकत होती, त्यांच्याकडेच सतीशची केस होती. अमरसिंहांनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "या केसमध्ये तू बहीण. फायलीला हात लावायचा नाही आणि त्या तारखांना काळा कोट घालून यायचं नाही."

"तीनशे चार म्हंजे काय खाऊ हाय का?" बाहेर मामा म्हणत होते. "जन्मठेपसुदीक व्हती."

"आता एकशे पाच आहे, मामा," अंजली चहाचं ताट घेऊन आली. "नवा कायदा आला. आणि दादावर जो भाग लावलाय त्याला जास्तीत जास्त दहा वर्षं."

"आन् कमीत कमी?" सर्जेरावांनी विचारलं.

"कमीत कमी काही लिहिलेलंच नाही, आबा. ते जजनं ठरवायचं."

"पर कबूल केलं की निम्मी माफ व्हती ना? हाफ तिकिटावानी?"

"शिक्षेला हाफ तिकीट नसतं. कबुली दिली ही गोष्ट जज लक्षात घेतील, नक्की घेतील. पण किती घेतील ते कुणीच सांगू शकत नाही."

सर्जेरावांचा चेहरा विनातिकीट प्रवासी सापडल्यासारखा झाला.

झालं होतं ते सगळ्या सिरसाळ्याला माहीत होतं. सर्जेरावांचा धाकटा भाऊ लिंबाजी शेजारच्याच घरात राहायचा. गेल्या उन्हाळ्यात त्याने नवी न्हाणी बांधली आणि तिचं पाणी सतीशच्या दुकानाच्या दारात निघालं. सतीश पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा, दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. तांब्याच्या तारा, उघडी मोटार आणि त्यातून वाहणारं साबणाचं पाणी. चार दिवस धुसफूस चालली. पाचव्या दिवशी चुलत्याने "दुकान उचल न् जा कुटं जायचं तिकडं" म्हटलं. सतीशच्या हातात लोखंडी पाइपचा तुकडा होता. एकच घाव बसला, पण डोक्यात. त्यानेच मग चुलत्याला उचलून जीपमध्ये घातलं, दवाखान्यात नेलं, आणि पोलीस येईपर्यंत तिथल्या पायरीवर बसून राहिला. लिंबाजी तिसऱ्या दिवशी गेला.

पोलिसांनी खुनाचं कलम लावलं. आरोप ठरवताना न्यायाधीश बाईंनी ते उतरवलं: मारून टाकायचा हेतू दिसत नाही, पण डोक्यात लोखंड घातलं तर माणूस मरू शकतो एवढं त्याला कळत होतं, म्हणून सदोष मनुष्यवध. आरोप वाचून "गुन्हा कबूल आहे का" असं विचारलं, तर सगळे जण "नाही" म्हणतात तिथे सतीशने "हो" म्हटलं. अमरसिंहांच्या हातातला पेन खाली पडला. बाईंनी कबुली लगेच घेतली नाही. "घाई करू नका, वकिलांशी बोला, विचार करून पुढच्या तारखेला सांगा," म्हणाल्या. ती तारीख येत्या गुरुवारी होती.

"साक्षीदार कोन? दोनच," मामा बशीत चहा ओतत म्हणाले. "पारू आन् लिंबाजीची केशर. पारूनं म्हनायचं, मी घरात व्हते. केशरला चार मानसं जाऊन समजावत्याल. लिंबाजी पिऊन न्हाणीच्या कडंवरून घसरला, हे तर गावातबी समदे म्हनत्यात. मंग ह्यो येडा कावून कबूल करतोय?"

गावात समदे तसं म्हणत होते, कारण सर्जेरावांनी पहिल्या आठवड्यात स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर तसं म्हटलं होतं. पोलिसांच्या कागदात ते कुठे नव्हतं. पण गोष्ट एकदा स्टँडवरून सुटली की थांबे घेत घेत सगळीकडे पोचते.

"मी जेलमध्ये भेटून आले दादाला," अंजली म्हणाली. "तो म्हणाला, मायला पिंजऱ्यात उभं करून खोटं बोलायला लावू का? आणि काकूला, नवरा दारू पिऊन पडला म्हणून सांगायला लावू?"

"बोलायला काय जातंय," मामा म्हणाले. "एक दिवसाचं काम."

पारूबाईंनी सूप बाजूला सारलं. "मी पाह्यलंय," त्या म्हणाल्या.

"काय?"

"सतीशनं हात उचलला ते. मी हितंच व्हते, ह्या भिताडाला. कोर्टात मला कुनी इचारलं असतं तर मी सांगितलं असतं." त्यांनी पदराने हात पुसले. "लई बरं झालं पोरानं कबूल केलं. न्हाई तर मीच त्याला घालवला असता."

मामांनी सर्जेरावांकडे पाहिलं, सर्जेरावांनी खुर्चीच्या हाताकडे. इतके महिने घरातली प्रत्येक योजना पारूबाई 'घरात व्हत्या' या एका खांबावर उभी होती, आणि त्यांना विचारायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मामांनी बशी रिकामी केली आणि गेवराईपर्यंतचा रस्ता किती खराब झालाय यावर बोलायला सुरुवात केली.

अंजली चपला घालून शेजारी गेली.

दोन दारांत अंतर असं नव्हतंच. लहानपणी ती जेवण एका घरात सुरू करायची आणि दुसऱ्या घरात संपवायची. पण आता कित्येक महिन्यांनी ती या उंबऱ्याशी आली होती, आणि दार उघडं असूनही तिने कडी वाजवली.

केशरबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि हात थांबवला नाही. "साक्ष फिरवाया आलीस का?"

"न्हाई काकू."

"मंग माफी मागाया?"

"ती माझ्या हातात न्हाई. गुरुवारी काय व्हणार ते तुमाला कुनी सांगितलं नसंल, म्हणून आले." माणूस शिकला तरी काकूंसमोर शहरातली भाषा टिकत नाही.

आतल्या खोलीतून पवन बाहेर आला. लिंबाजीचा हा एकुलता एक मुलगा, अंजलीपेक्षा लहान, परळीला एका दुकानात कामाला. वडील गेल्यापासून तो अंजलीला ताई म्हणत नव्हता. "सांगायचं काय त्यात? दहा वर्षं द्यायला लावायची. एक दिवस कमी न्हाई."

"सरकारी वकील मागतील तसं," अंजली म्हणाली. "मागायलाच पाहिजे त्यांनी. पण दादा परत कबूल म्हणाला, तर साक्षी व्हणार न्हाईत. काकूला पिंजऱ्यात जावं लागणार न्हाई, उलटतपासणी न्हाई. मंग फक्त शिक्षा किती, यावर दोन्हीकडचं ऐकून घेतात. घाव कसा झाला, किती घातले, आधी ठरवून केलं का, नंतर काय केलं, आधीचा काही गुन्हा हाय का. आणि काकू, तुमाला काही सांगायचं असलं तर सरकारी वकिलाला सांगा, ते जज मॅडमला विचारतील. सांगायलाच पाहिजे असं न्हाई."

"मी म्हनलं सोडून द्या, तर सोडत्यात?"

"न्हाई."

"मी म्हनलं फाशी द्या, तर?"

"तरी न्हाई."

"मंग मला इचारून काय उपेग?"

केशरबाईंनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"कागदावर काय लिव्हत्यात?" त्यांनी मग विचारलं.

"निकालात? काय झालं, कसं झालं, ते सगळं लिहितात. शिक्षा का दिली तेबी."

"समदं?"

"सगळं."

केशरबाईंनी भाकरी उलटली. "जा आता," त्या म्हणाल्या. "तुजी माय वाट बघत आसंल."

पवन तिला दारापर्यंत सोडायला आला, म्हणजे ती गेल्याची खात्री करायला. "तू वकील हायेस," तो हळू आवाजात म्हणाला. "खरं सांग. कितीची बसंल?"

"मला खरंच माहीत न्हाई, पवन."

"मंग शिकलीस काय?" तो म्हणाला, पण त्यात पहिल्यासारखी धार नव्हती.

गुरुवारी सर्जेरावांनी जीप ठरवली. पवन आणि केशरबाई एसटीने आले. कोर्टाच्या खोलीत डावीकडच्या बाकावर सर्जेरावांचं घर, उजवीकडच्या बाकावर दुसरं, आणि मध्ये पंखा. अंजली फिकट निळ्या साडीत पारूबाईंजवळ बसली होती. काळ्या कोटाशिवाय या खोलीत आल्यावर तिला आपण पहिल्यांदाच इथे आलोय असं वाटत होतं. एरवी पाठ असलेले शब्द आज वेगळेच ऐकू येत होते.

सतीशला आणलं तेव्हा पारूबाईंनी पहिल्यांदा त्याच्या मनगटांकडे पाहिलं. तो वाळला होता. त्याने डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, आणि मग फक्त समोर.

न्यायाधीश बाईंचा आवाज बारीक होता, त्यामुळे सगळ्यांना कान देऊन ऐकावं लागत होतं. "विचार केलात?"

"हो."

"कुणी जबरदस्ती केली? मारहाण, धमकी?"

"न्हाई, मॅडम."

"कबूल केलं तर शिक्षा कमी मिळेल, असं कुणी सांगितलं?"

सतीश जरा घुटमळला. "आबा म्हनले व्हते. पर बहिणीनं सांगितलं, तसं काही नक्की नसतंय."

शिरस्तेदाराने हसू दाबलं. सर्जेरावांनी डोक्यावरची टोपी काढून परत घातली.

"काय घडलं, तुमच्या शब्दांत सांगा."

सतीशने सांगितलं. पाणी, मोटार, शब्दाला शब्द. "चुलत्यानं हात उचलला नव्हता," तो म्हणाला. अमरसिंहांनी डोळे मिटून घेतले, कारण हे एक वाक्य कुणी विचारलंही नव्हतं. "मलाच राग आला. पाइप हातात व्हता. डोक्यात बसंल हे मला दिसत व्हतं. तरी मारला."

बाईंनी कबुली नोंदवून घेतली, त्याला दोषी धरलं, आणि शिक्षेवर ऐकायला घेतलं.

सरकारी वकील उभे राहिले. मरणारा माणूस वयस्क, निःशस्त्र, सख्खा चुलता. घाव डोक्यात. वाद तो काय, तर सांडपाण्याचा. एवढ्या तेवढ्यावरून माणसं जायला लागली तर गावात राहायचं कसं, म्हणून कडक शिक्षा द्यावी. त्यांचं बोलणं ऐकताना अंजलीच्या लक्षात आलं की त्यात खोटं काहीच नाही. मग अमरसिंह उठले. घाव एकच. हत्यार शोधून आणलं नाही, कामाचं होतं ते हातात होतं. दवाखान्यात त्यानेच नेलं, पळाला नाही. मागे कसला गुन्हा नाही. पहिल्याच संधीला कबुली दिली. त्यातही खोटं काही नव्हतं. दोन्ही बाजू खऱ्या असल्या की कसं ठरवायचं, हे कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

"मयताच्या पत्नीला काही सांगायचं आहे, मॅडम," सरकारी वकील म्हणाले.

केशरबाई उठल्या. पिंजऱ्यात गेल्या नाहीत, बाकाजवळच पदर सावरून उभ्या राहिल्या.

"किती वर्षं दिली म्हंजे मला बरं वाटंल ते मला ठाव न्हाई," त्या म्हणाल्या. "ते तुमी ठरवा. माझं मागनं येगळं हाय. गावात म्हनत्यात, ते दारू पिऊन पडले. माझा मालक कदी पीत नव्हता. पडून मेला न्हाई. ह्या पोरानं मारला, आन् त्यानं आज तसं सांगितलं. ते कागदावर लिवा. ते पीत नव्हते हेबी लिवा."

"असं कोण म्हणतं?" बाईंनी विचारलं.

केशरबाईंची नजर समोरच राहिली. डावीकडच्या बाकाकडे ती वळली नाही. "गाव म्हनतंय," त्या म्हणाल्या आणि बसल्या.

अंजलीने वडिलांकडे पाहिलं. सर्जेरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती आणि तिची घडी ते पुन्हा पुन्हा सारखी करत होते.

निकाल जेवणानंतर, असं सांगून बाई उठल्या.

बाहेर लिंबाखाली चहाची गाडी होती. पवन एका बाकड्यावर एकटाच पेला घेऊन बसला होता. सर्जेराव तिथे पोचले आणि नेमका एसटीतला एक जुना ड्रायव्हर भेटला.

"काय कंडक्टर, हितं कुटं? आरं हां, तुमच्या भावाची केस न्हाई का. पिऊन न्हाणीवरनं पडला व्हता म्हनं ना?"

अंजली मागेच उभी होती. तिला वडिलांची पाठ तेवढी दिसत होती.

"पडला न्हाई," सर्जेराव म्हणाले. "पीतबी नव्हता. माझ्या पोरानं मारला त्याला."

साखर कमी टाक, असं चहावाल्याला सांगून ड्रायव्हर दूर जाऊन उभा राहिला. सर्जेराव तिथेच, पेला न घेता. पवनने मान वर केली नाही, पण बाकड्यावर थोडा बाजूला सरकला. सर्जेराव बसले. अंजली दुसरीकडे बघायला लागली, कारण ते तिने बघावं असं त्या दोघांपैकी कुणालाच वाटलं नसतं.

दुपारी बाईंनी निकाल वाचला. सहा वर्षं सक्तमजुरी. आतापर्यंत तुरुंगात काढलेले दिवस त्यातून वजा. दंड, आणि तो वसूल झाला की मयताच्या पत्नीला. कारणंही त्यांनी त्याच बारीक आवाजात सांगितली. राग क्षणाचा होता आणि घाव एकच, म्हणून दहा नाहीत. पण तो डोक्यात घातला, आणि ज्याने हातही उगारला नव्हता त्याला घातला, म्हणून दोन-तीनवर भागणार नाही. आरोपीने कबुली वेळेवर दिली आणि स्वतःच्या विरुद्ध जाणारी गोष्टही लपवली नाही, त्यामुळे त्याचा पश्चात्ताप न्यायालय खरा मानतं. त्याचं वजन या आकड्यात धरलं आहे. "मयत इसमाने मद्यप्राशन केलं होतं असं वैद्यकीय अहवालात कुठेही नाही," त्यांनी पुढे वाचलं. "तशी चर्चा निराधार आहे, हे या निकालपत्रात नमूद करण्यात येत आहे."

केशरबाईंनी पवनला कोपर लावलं. "लिवलं का?"

"लिवलं, माय."

खोलीबाहेर आल्यावर सोमेश्वर मामा म्हणाले, "लई दिली. हायकोर्टात जाऊ." पवन जिन्याजवळ कुणाला तरी फोनवर सांगत होता, "कमीच दिली." अमरसिंहांनी दोन्ही ऐकलं आणि अंजलीला म्हणाले, "उद्या ऑफिसला ये. कोट घालून."

पोलिसांची गाडी फाटकाशी उभी होती. सतीशला आणलं तेव्हा शिपायाने एक मिनिट थांबू दिलं. पारूबाई पुढे झाल्या, त्याच्या तोंडावरून हात फिरवला, आणि खायला वेळेवर घे, एवढंच म्हणाल्या. सतीश गाडीच्या पायरीवर पाय ठेवणार, एवढ्यात केशरबाई आल्या. सगळे बाजूला झाले.

"सतीश."

"काकू." त्याने मान खाली घातली.

"वर बघ." त्याने पाहिलं. "सुटलास की आदी माझ्या दारात यायचं. दुसरीकडं कुटं न्हाई."

"येतो, काकू."

"मला तुला लई बोलायचंय. शिव्या द्यायच्यात, इचारायचंय. आज मला सुचंना." त्यांचा आवाज पहिल्यांदाच हलला. "आन् तोवर तुजा चुलता असता तर काय म्हनला असता, ह्याचा इचार करून ये."

"हो."

"मायच्या आदी यायचं. सांगून ठिवते."

सतीशने आईकडे पाहिलं. शिपाई घड्याळाकडे बघत होता. अंजलीलाही वाटलं, माय आता काहीतरी बोलणार, इतके महिने दोन भिंतींत कोंडलेलं काहीतरी. पारूबाई जावेच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या, दोघींचे पदर वाऱ्याने एकमेकींत गुंतले तरी बाजूला झाल्या नाहीत.

"तिच्याकडं जा," त्या लेकाला म्हणाल्या. "मी थांबन."